मुलांसाठी लिहून घर चालतं का? सेलूच्या एका शिक्षिकेला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "मी सेलूला (जि. परभणी) एका खासगी शाळेत शिकवते. पगार थोडा, तोही वेळेवर नाही. मुलांसाठी गोष्टी लिहिते. काही गोष्टी दैनिकाच्या बालपुरवणीत आल्या आहेत. नोकरी सोडून पूर्णवेळ फ्रीलान्स लेखन आणि बालसाहित्य करावं असं मनात आहे. यावर घर चालेल का? त्यासाठी पुण्याला जावं लागेल का? एका प्रकाशकाने माझा कथासंग्रह काढायला 60 हजार रुपये मागितले आहेत, द्यावेत का?"

ताई, पैशाच्या प्रश्नाला मुदत असते, म्हणून शेवटचा प्रश्न आधी घेते. ते 60 हजार देऊ नका.

पुस्तक विकून कमावणारा प्रकाशक लेखकाकडे पैसे मागत नाही. तो स्वतःचे पैसे घालतो आणि ते वसूल व्हावेत म्हणून पुस्तक दुकानात, प्रदर्शनात, ग्रंथालयांच्या खरेदीत पोचवायला धडपडतो. ज्याची कमाई तुमच्याकडूनच होऊन गेली, त्याला पुस्तक विकायची घाई कशाला असेल? मग खोकी तुमच्या घरी येतात, पलंगाखाली जातात आणि सत्कारात, वाढदिवसाला, आल्यागेल्याला वाटून संपतात. आपल्या मराठवाड्यात असे पलंग पुष्कळ घरांत आहेत.

स्वतःच्या पैशाने पुस्तक काढण्यात कमीपणा काहीच नाही. पण मग हिशेब आपल्या हातात ठेवा. संभाजीनगर-नांदेडच्या दोन-तीन छापखान्यांकडून पानं, कागद, रंग आणि प्रती सांगून दर मागवा. चित्रकाराचे पैसे वेगळे ठरवा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो. कोणी बिलात त्याचेही पैसे लावले असतील तर तिथेच समजून घ्या. असं केलं की निदान सगळ्या प्रती आणि सगळे हक्क तुमचे राहतात. त्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही त्यांच्या पहिल्या पुस्तकासाठी ती आहे. निकालाला वेळ लागतो, पण घरचे दागिने मोडावे लागत नाहीत.

आता घर चालेल का. मुलांच्या पुस्तकांवर? नाही. निदान पहिली बरीच वर्षं नाही. कागदावर मांडून बघू. समजा तुमच्या चित्रपुस्तकाची किंमत 80 रुपये आहे, रॉयल्टी, म्हणजे विकल्या गेलेल्या प्रतीमागे मिळणारा वाटा, 10 टक्के आणि आवृत्ती 1,000 प्रतींची. सगळी आवृत्ती संपली तर 8,000 रुपये. चित्रपुस्तकात चित्रकाराचा वाटा लेखकाइतकाच असतो, आणि असायलाही हवा. तो निम्मा गेला की तुमच्या हाती 4,000. आवृत्ती संपायला दोन-तीन वर्षं लागली तरी त्यात नवल नाही, आणि हिशेब येतो वर्षातून एकदा. म्हणजे दहा पुस्तकं बाजारात असली तरी त्यातून तुमच्या आजच्या तुटपुंज्या पगाराइतकंही नियमित येणार नाही.

हे वाचून लिहायचं सोडू नका. माझं म्हणणं एवढंच की किराणा, गॅस आणि लेकरांची फी यांचं ओझं गोष्टीवर टाकू नका. ते टाकलं की लेखक पटापट दहा गोष्टी पाडतो. मग सशाला अद्दल घडते, शेवटी आजोबा तात्पर्य सांगतात, आणि त्यातली एकही पोरांना आठवत नाही. घर चालवायला दुसरं लेखन करा, आणि त्या कमाईतून मुलांच्या लेखनासाठी सकाळचे दोन तास विकत घ्या. मी इतकी वर्षं हेच करत आले आहे.

दुसरं लेखन म्हणजे कोणतं? लोकांना वाटतं फ्रीलान्स म्हणजे वर्तमानपत्रात लेख. त्यात नाव मिळतं, पैसा फार थोडा. पैसा ज्या कामात असतो तिथे बहुतेकदा तुमचं नावच छापलं जात नाही. पाणी, आरोग्य, शेती, शिक्षण यांवर काम करणाऱ्या संस्थांना प्रशिक्षणाच्या पुस्तिका लागतात, भित्तिपत्रकं लागतात, इंग्रजी अहवालाचं गावात वाचता येईल असं मराठी लागतं. शैक्षणिक साहित्य बनवणाऱ्या कंपन्यांना पाठ, प्रश्नसंच आणि व्हिडिओच्या संहिता लागतात. ऑडिओ अ‍ॅपवाल्यांना मालिका लागतात. आकाशवाणीचं परभणी केंद्र तर तुमच्या दाराशी आहे. तिथलं मानधन मोठं नसतं, पण कानासाठी लिहायचा सराव होतो आणि मुलांच्या लेखनाला तो फार उपयोगी पडतो. शिवाय आपल्याकडचा खास उद्योग म्हणजे स्मरणिका आणि गौरवग्रंथ. शाळेचा सुवर्णमहोत्सव, पतसंस्थेची रौप्यवर्षपूर्ती, सरांचा अमृतमहोत्सव. त्यातले शंभर लेख एकाच वाक्याने सुरू होतात, आणि ते वाचून, कापून, मुद्रितशोधन करून द्यायला माणूस मिळत नाही. हे काम हसण्यावारी नेऊ नका. संपादन मी तिथेच शिकले. शिवाय तुम्ही शिक्षिका आहात. कोणत्या इयत्तेच्या पोराला कोणतं वाक्य झेपतं हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि शैक्षणिक साहित्यवाल्यांना नेमकं तेच हवं असतं.

अनुवादाचा दर ठरवताना शब्द कोणत्या भाषेतले मोजणार ते आधी ठरवून घ्या. मराठीत 'मध्ये', 'वर', 'पासून' हे सगळं शब्दालाच चिकटतं, त्यामुळे इंग्रजी हजार शब्दांचे मराठीत बरेच कमी होतात. मूळ इंग्रजी शब्दांवर पैसे घ्या. आणि दर शब्दाचा असो की पानाचा, काम संपल्यावर तो तासावर आणून बघा. समजा 2,000 शब्दांचे 2,000 रुपये ठरले. कच्चा खर्डा सहा तास, संज्ञा शोधण्यात दोन, त्यांच्या दुरुस्त्यांत आणखी दोन. तासाला 200 पडले. हा आकडा परवडतो का ते तुमचं तुम्ही ठरवा. बाजारभाव कुणाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा हा आकडा जास्त खरा. हल्ली यंत्राने केलेला अनुवाद पाठवून "फक्त नजर टाका" म्हणतात आणि दर निम्मा करतात. पहिली दोन पानं दुरुस्त करून वेळ लावून बघा, मग दर सांगा. कितीतरी वेळा नव्याने लिहिणंच लवकर होतं.

व्यवहार कोरडा ठेवा. फोनवर ठरलं असलं तरी त्याच दिवशी ईमेल टाका: काम काय, किती, कधीपर्यंत, किती रुपये, दुरुस्तीच्या फेऱ्या किती. नव्या माणसाकडून निम्मे पैसे आधी घ्या. बिलावर पॅन आणि बँकेचा तपशील लिहा. एका ग्राहकाकडून वर्षाचं मानधन 50 हजारांच्या वर गेलं की तो 10 टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, कापतो; ते पैसे बुडत नाहीत, आयकराचं विवरणपत्र भरलं की जमा धरले जातात किंवा परत येतात, म्हणून उत्पन्न थोडं असलं तरी विवरणपत्र भरायचं. छोट्या व्यावसायिकांसाठी सरकारची उद्यम नोंदणी असते, तीही करून घ्या. ती ऑनलाइन आणि मोफत आहे, आणि कोणी एजंट पैसे मागत असेल तर दुसऱ्या दारातून जा. 2006 च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यानुसार नोंदणी असलेल्याचं बिल खरेदीदाराने जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचं असतं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. पैसे थकवणाऱ्या कंपनीच्या हिशेबनिसाला या कलमाची नुसती आठवण करून दिली तरी कधीकधी फाईल हलते.

नोकरी कधी सोडायची? आत्ता नाही. वर्षभर दोन्ही करा आणि महिन्यामहिन्याला वहीत लिहा. फ्रीलान्सची कमाई सरासरीने मोजू नका. वर्षातला सगळ्यात वाईट महिना घरखर्चाला पुरतो का ते बघा. मार्चमध्ये अहवालांमुळे श्वास घ्यायला फुरसत नसते आणि दिवाळीनंतर एखादा महिना फोनच वाजत नाही. तो महिना ज्या वर्षी निभावेल, त्या वर्षी राजीनामा लिहा.

पुण्याला जाऊ नका. हे मी हट्टाने सांगते. फ्रीलान्सचं काम फोनवर आणि ईमेलवर येतं, त्यासाठी कोथरूडचं भाडं भरायचं कारण नाही. आणि जे लिहायचं आहे ते तर इथेच आहे. नांदेडला राहून लिहिणाऱ्या डॉ. सुरेश सावंत यांना 2025 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला; त्यांना गाव सोडावं लागलं नाही. प्रकाशकही फक्त सदाशिव पेठेत नसतात. संभाजीनगरला साकेत आहे, नांदेडला इसाप आहे. पुण्याला वर्षातून एकदा जा, पुस्तकं चाळा, चित्रकारांना भेटा आणि रात्रीच्या गाडीने परत या.

आता मुख्य गोष्ट. मराठवाड्यावर मोठ्यांनी मोठ्यांसाठी भरपूर लिहिलं. दुष्काळ, टँकर, ऊसतोड. मुलांच्या पुस्तकात मात्र आपली पोरं आलीच तर बिचारी म्हणून येतात. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं. त्यावर अग्रलेख झाले. पण सहा वर्षांच्या पोराच्या डोक्यात काय आलं असेल? पाण्याला तिकीट लागलं का? वाटेतल्या स्टेशनवर ते उतरलं तर? त्या प्रश्नांवर गोष्ट उभी राहते, आणि ती वाचून कोल्हापूरचं पोरही हसतं. दिवाळीनंतर आई-बाप कोयता घेऊन कारखान्याकडे निघतात, तेव्हा आजीजवळ मागे राहिलेली पोरगी दिवसभर रडत नसते. ती आजीला फसवून चिंचा पाडते, गाडीतळावर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या मुक्कामावर, असलेल्या भावाला फोन करायला शेजाऱ्याची मनधरणी करते, आजीच्या पिशवीतले पैसे मोजते. जायकवाडीवर हिवाळ्यात परदेशी पक्षी येतात, परभणीचा उरूस भरतो, हुरड्याचे दिवस असतात, लातूरकडे वेळ अमावस्येला अख्खं गाव शेतात जेवायला जातं. हे सगळं अजून मुलांच्या पुस्तकात नीट आलेलं नाही.

चित्रपुस्तक लिहायचं असेल तर पानांचं गणित समजून घ्या. छपाईचा मोठा कागद घडी घालून कापला जातो, म्हणून पानं 16, 24 किंवा 32 अशी येतात. 24 पानांतून शीर्षक आणि श्रेय काढलं की गोष्टीला दहा-अकरा जोडपानं उरतात. एक कोरी वही घ्या, तेवढी पानं दुमडा आणि गोष्ट त्यांवर वाटून बघा. पान उलटायची उत्सुकता कुठे लागते आणि कुठे तीन पानं नुसती बडबड चालते, हे तिथे लगेच उघडं पडतं.

आणि चित्रात जे दिसणार ते लिहू नका. नवा लेखक साधारण असं लिहितो: "वेळ अमावस्येचा दिवस होता. शेतात हिरवीगार ज्वारी डोलत होती. आईने डोक्यावर भज्जी आणि उंड्यांची पाटी घेतली होती. राधाने आंबिलाचं मडकं घेतलं होतं. तिला खूप आनंद झाला होता." ज्वारी चित्रकार काढणार आहे. आनंद राधाच्या चेहऱ्यावर दिसणार आहे. मी ते असं ठेवीन:

आईच्या डोक्यावर पाटी.
आज्याच्या खांद्यावर घोंगडी.
राधाच्या हातात आंबिलाचं मडकं.
"सांडू नको गं!"
"नाई सांडत!"
डुबुक.

पुढचं पान पोर स्वतः उलटतं. मोजून बघा, 27 शब्दांचे 16 झाले. शब्दांची मर्यादा समजायला प्रथम बुक्स या मुलांच्या पुस्तकांच्या प्रकाशन संस्थेचं स्टोरीवीवर हे संकेतस्थळ बघा: पहिल्या पातळीच्या गोष्टी 250 शब्दांच्या आत, दुसरी 600 पर्यंत, तिसरी 1,500 पर्यंत, चौथी त्यापुढे. शेकडो मराठी पुस्तकं तिथे फुकट वाचायला आहेत. ती खुल्या परवान्याखाली असतात, म्हणजे श्रेय देऊन कोणीही त्यांचा अनुवाद करू शकतं. सरावासाठी दहा करा. तुमची स्वतःची गोष्ट तिथे टाकायची असेल तर मात्र तो परवाना काय देऊन टाकतो ते आधी वाचा.

बोलीचं म्हणाल तर निवेदन साधं मराठी ठेवा आणि संवादात पोरांना त्यांच्या तोंडचं बोलू द्या. 'काहून' म्हणणारं पोर 'का बरं' म्हणायला लागलं की वर्गातली लेकरं पुस्तकाकडे शाळेच्या पुस्तकासारखं बघतात. संपादक ते शुद्ध करून पाठवतील. भांडू नका, गोष्ट कुठल्या गावची आहे ते सांगा आणि दोन-चार शब्दांवर ठाम राहा.

तुमच्या हातात पुण्यातल्या लेखकाला सहज न मिळणारी एक सोय आहे: रोजचा वर्ग. कच्ची गोष्ट मोठ्याने वाचा. "आवडली का" असं विचारू नका, सगळी पोरं हो म्हणतात, बाई विचारताहेत म्हटल्यावर. नुसतं बघा. चुळबुळ कुठे सुरू होते, कोण खिडकीबाहेर बघतं, कोणत्या ओळीला मागची रांग पुढे सरकते. पेन्सिलने त्या जागी खूण करा. दुसऱ्या दिवशी एखाद्या पोराला गोष्ट परत सांगायला लावा. जे तो गाळतो ते बहुधा गाळण्यासारखंच असतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतही मुख्याध्यापकांना विचारून असं वाचन करा, कारण तुमच्या खासगी शाळेतल्या पोरांवरून गावातल्या पोरांचा अंदाज बांधता येणार नाही.

पाठवायचं कुठे? बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतं, जुने अंक ऑनलाइन मोफत आहेत. आधी दोन वर्षांचे वाचा, मग पाठवा. लहान वयासाठी 'चिकूपिकू' आहे. 'साधना'चा बालकुमार दिवाळी अंक आहे. दिवाळी अंकांसाठी साहित्य उन्हाळ्यातच तयार हवं, गणपतीत पाठवलेलं पुढच्या वर्षीही कोणी उघडत नाही. पुस्तकासाठी ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स यांच्या याद्या चाळा. चित्रं काढून पाठवायची गरज नाही, चित्रकार प्रकाशक निवडतो. भाच्याकडून रंगवून घेतलेली पानं जोडलीत तर उलट नुकसानच होतं.

करारावर थोडं थांबते, कारण लेखक तिथेच लुटला जातो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिता क्षणी हक्क तुमचा होतो, नोंदणी लागत नाही, आणि तो तुमच्या हयातीनंतर 60 वर्षं वारसांकडे राहतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच देता येतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन वर्षभर वापरलेच नाहीत आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर ते परत तुमच्याकडे येतात. म्हणून "सर्व हक्क, सर्व माध्यमे, कायमस्वरूपी" ही ओळ दिसली की पेन खाली ठेवा. छापील मराठी पुस्तकाचे हक्क द्या. ऑडिओ, अनुवाद, नाटक-चित्रपट, ई-पुस्तक हे एकेक वेगळं बोला. रॉयल्टी छापील किमतीवर की प्रकाशकाच्या हाती येणाऱ्या रकमेवर, हे विचाराच. विक्रेत्याला मोठी सूट जाते आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पुस्तक छपाईबाहेर राहिलं तर किती महिन्यांनी हक्क परत, तेही लिहून घ्या. एकरकमी पैसे घेऊन हक्क देणं संस्थांच्या पुस्तिकेपुरतं ठीक आहे. स्वतःच्या गोष्टीपुरतं नाही, पोट अगदी पाठीला लागलेलं नसेल तर.

प्रकाशकाला आज दोन ओळींत नम्र नकार कळवा, कारण द्यायची गरज नाही. आणि पुरवणीत आलेल्या गोष्टी बाहेर काढा. तुम्ही त्या दैनिकाच्या नोकरीत नव्हता, त्यामुळे कशावर सही करून दिली नसेल तर त्या अजून तुमच्याच आहेत. त्या दैनिकाला फक्त एक ईमेल करून नोंद ठेवा की पुस्तकात घेते आहे. मग त्यांतल्या कोणत्या वर्गात वाचून टिकतात ते बघा; टिकतील त्या नवलेखक योजनेच्या हस्तलिखितात जातील, बाकीच्यांचा संग्रहात भरणा करू नका.